विश्लेषण : बँकॉकच्या रुग्णालयातील ‘मृत्यूच्या संग्रहालया’त काय आहे? तेथील एक मृतदेह सहा दशकांनी का हटवण्यात आला?

बँकॉकला जाणाऱ्यांच्या यादीत राजवाडा, वाट अरुण, सफारी वर्ल्ड आणि खरेदीचे मॉल हमखास असतात. या यादीत एक रुग्णालयही दिसू लागले आहे. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरील सिरिराज रुग्णालयात वैद्यकीय आणि न्यायवैद्यक संग्रहालय आहे. गोळी लागलेल्या कवट्या, चाकूचे वार झालेले अवयव, बरण्यांमध्ये जतन केलेली अर्भके असे सारे तेथे सर्वसामान्यांना पाहता येते. समाजमाध्यमांवर त्याची ओळख ‘मृत्यूचे संग्रहालय’ अशी झाली आहे. याच संग्रहालयात फाशीची नव्हे, तर गोळ्या घालून मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका माणसाचा मृतदेह जवळपास ६० वर्षे काचेच्या कपाटात उभा होता आणि त्यावर ‘नरभक्षक’ अशी पाटी होती. २०१९ मध्ये तो हटवण्यात आला आणि २०२० मध्ये त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. हे का घडले, संग्रहालयात आता काय आहे आणि आपल्याकडील देहदानाशी या प्रकरणाचा काय संबंध आहे, याविषयी…

सिरिराज रुग्णालयाचा इतिहास काय?

सिरिराज हे थायलंडमधील सर्वात जुने आणि सर्वात मोठे सरकारी रुग्णालय. राजा चुलालोंगकोर्न (पाचवा राम) यांनी ते १८८८ मध्ये सुरू केले. त्याआधी १८८१ मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली होती. तेव्हा तात्पुरती रुग्णालये उभारली गेली आणि साथ ओसरल्यावर बंद झाली. कायमस्वरूपी रुग्णालयाची गरज मात्र राजाच्या लक्षात आली. तयारी सुरू असतानाच १८८७ मध्ये राजाचा दीड वर्षाचा मुलगा सिरिराज हगवणीने दगावला. राजपुत्राच्या अंत्यसंस्कारासाठी उभारलेल्या मंडपाचे लाकूड आणि साहित्य रुग्णालयाच्या बांधकामासाठी देण्यात आले आणि रुग्णालयाला त्याचेच नाव मिळाले. ‘सिरिराज’ या नावातला ‘सिरि’ म्हणजे आपला ‘श्री’.

आज हे रुग्णालय महिडोल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे केंद्र आहे. दोन हजारांहून अधिक खाटा, दिवसभर बाह्यरुग्ण विभागात गर्दी, आवारात व्हीलचेअरची ये-जा असे त्याचे रूप आपल्या केईएम किंवा ससूनची आठवण करून देणारे आहे. राजा भूमिबोल यांचे १३ ऑक्टोबर २०१६ रोजी याच रुग्णालयात निधन झाले. त्यामुळे थाई जनतेच्या मनात या वास्तूला वेगळे स्थान आहे.

संग्रहालयात काय पाहायला मिळते?

‘सिरिराज वैद्यकीय संग्रहालय’ हे एकच दालन नसून वेगवेगळ्या विभागांनी शिकवण्यासाठी जमवलेल्या संग्रहांचा तो समूह आहे. त्यातील तीन प्रमुख दालने अदुल्यादेजविक्रोम इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहेत. हे लांबलचक नाव मुळात संस्कृतच आहे : अतुल्यतेजविक्रम.

पहिले दालन विकृतीशास्त्राचे. अमेरिकी विकृतीशास्त्रज्ञ ए. जी. एलिस यांचे नाव त्याला आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सयाममध्ये आधुनिक वैद्यकीय शिक्षणाची घडी बसवली जात होती, त्या काळात ते येथे शिकवत होते. दुसरे दालन न्यायवैद्यकाचे. थायलंडमध्ये या शाखेचा पाया घालणारे डॉ. सोंगक्रान नियोमसेन यांच्या नावाने ते ओळखले जाते. तिसरे परजीवीशास्त्राचे. याशिवाय शरीररचनाशास्त्र विभागाच्या जुन्या इमारतीत कॉन्गडन संग्रहालय आहे. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ एडगर कॉन्गडन यांनी १९२० च्या दशकात त्याची सुरुवात केली.

न्यायवैद्यक दालनात खुनाच्या गुन्ह्यांतील हत्यारे, कपडे, अपघातांची छायाचित्रे, कवट्या आणि अवयव मांडलेले आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मृतांची ओळख कशी पटवली गेली, याचीही माहिती येथे आहे. त्या आपत्तीत थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि त्यांत परदेशी पर्यटक मोठ्या संख्येने होते. उष्ण हवेत मृतदेह लवकर खराब होतात, चेहरा ओळखीचा राहत नाही. अशा वेळी दातांच्या नोंदी, बोटांचे ठसे आणि डीएनए या तीन गोष्टींवर भिस्त असते. थायलंडमध्ये सुरुवातीच्या काळात सर्वाधिक ओळखी दातांच्या नोंदींवरून पटल्या, कारण युरोपीय पर्यटकांच्या दंतवैद्यांकडे एक्स-रे आणि उपचारांच्या नोंदी उपलब्ध होत्या. ज्यांच्या अशा नोंदीच नव्हत्या, त्यांच्या कुटुंबांना अधिक वाट पाहावी लागली.

कवटीतील छिद्र तपासात काय सांगते?

या दालनातील कवट्या पाहताना अनेक जण दचकून पुढे सरकतात. पण थोडा वेळ थांबून पाहिले, तर न्यायवैद्यकाचा पहिला धडा तेथेच मिळतो. खिडकीच्या काचेला खडा लागला, की ज्या बाजूने तो आला तेथे लहान छिद्र पडते आणि पलीकडच्या बाजूला काच शंकूच्या आकारात अधिक रुंद उडते. कवटीचे हाडही असेच वागते. गोळी आत शिरते तेथे बाहेरच्या पृष्ठभागावर छिद्र लहान आणि आतील बाजूला रुंद असते. ती बाहेर पडते तेथे याच्या उलट. म्हणजे वर्षानुवर्षे जमिनीत पुरलेली कवटी मिळाली आणि मांसाचा मागमूस उरला नसला, तरी गोळी कोणत्या बाजूने आली हे सांगता येते.

दोन गोळ्या लागल्या असतील तर? पहिल्या आघाताने हाडाला तडे जातात. दुसऱ्या आघाताचे तडे पहिल्या तड्यांपर्यंत येऊन थांबतात, कारण तडा गेलेल्या जागेपलीकडे ताण पोहोचत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व पदार्थविज्ञानाच्या तासाला भेटते. न्यायवैद्यकात त्याला ‘पुप्पेचा नियम’ म्हणतात. कोणता वार आधी झाला आणि कोणता नंतर, यावर न्यायालयात स्वसंरक्षणाचा दावा टिकतो किंवा कोसळतो.

ही माहिती भारतीय वाचकांसाठीही आता महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी मुदत देण्यात आली आहे.

अवयव इतकी वर्षे टिकतात कसे?

मृत्यूनंतर पेशींमधील विकरे पेशींनाच पचवू लागतात आणि जिवाणू उरलेले काम करतात. हे थांबवण्यासाठी फॉर्मालिन वापरले जाते. फॉर्मालिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातील द्रावण. त्याचे रेणू प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. त्यामुळे प्रथिने जागच्या जागी घट्ट होतात, विकरे निकामी होतात आणि जिवाणूंना खाण्याजोगे काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली. त्याआधी अवयव अल्कोहोलमध्ये ठेवले जात.

याचा एक दुष्परिणाम प्रत्येक बरणीत दिसतो. रक्ताचा लाल रंग टिकत नाही, म्हणून यकृत असो की हृदय, सारे काही राखाडी-तपकिरी दिसते. चित्रपटांतील रक्तरंजित दृश्यांची सवय असलेल्यांना हे अवयव त्यामुळे मेणाचे वाटू शकतात. ते मेणाचे नसतात. प्रत्येक बरणीमागे एक व्यक्ती होती, हे त्या फिक्या रंगामुळे विसरायला होते.

बरण्यांमधील अर्भकांसमोर खेळणी का ठेवलेली असतात?

विकृतीशास्त्र आणि शरीररचना दालनांत जन्मजात व्यंग असलेली अर्भके आहेत. कुणाच्या डोक्यात पाणी साचलेले, कुणाच्या कवटीचा वरचा भाग तयारच झालेला नाही, काही एकमेकांना जोडलेली. ‘सयामी जुळे’ हा शब्दच या देशातून जगभर गेला. १८११ मध्ये तेथे जन्मलेले चांग आणि एंग हे भाऊ छातीच्या खालच्या भागात जोडलेले होते. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १८७४ मध्ये काही तासांच्या अंतराने मरण पावले. त्यांचे जोडलेले यकृत फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे.

सिरिराजमध्ये या अर्भकांच्या बरण्यांसमोर लोक खेळणी, बाहुल्या आणि गोळ्या-चॉकलेट ठेवून जातात. थाई समाजात मृतात्म्यांना नैवेद्य ठेवण्याची पद्धत आहे, त्याचा हा भाग. विज्ञानाच्या दृष्टीने तो ‘नमुना’ असतो. पाहणाऱ्या आईबापांच्या दृष्टीने ते बाळ असते. दोन्ही गोष्टी एकाच बरणीला लागू होतात.

येथून घरी नेण्यासारखी एक माहिती आहे. कवटी किंवा पाठीचा कणा अपुरा राहण्याची व्यंगे गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत निर्माण होतात. म्हणजे अनेकदा दिवस गेल्याचे स्त्रीच्या लक्षात येण्याआधीच. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतल्यास यातील बरीचशी व्यंगे टळू शकतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. म्हणूनच मुलाचा विचार करणाऱ्या स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडचा सल्ला दिला जातो. डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

परजीवींच्या दालनात भारतीयांनी काय पाहावे?

हत्तीरोग. या आजाराने अवाढव्य सुजलेले अवयव येथे जतन केलेले आहेत. थायलंडने सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून हत्तीरोगाचे निर्मूलन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मान्य केले. तेथील तरुणांसाठी हा आजार आता बहुतांशी संग्रहालयात पाहण्याचा झाला आहे. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियासारख्या जिल्ह्यांना तो आजही परिचित आहे. भारताने निर्मूलनासाठी २०२७ चे लक्ष्य ठेवले आहे. आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन समोर गोळ्या खायला लावतात, ती मोहीम याचसाठी असते. ‘मला काही झालेले नाही, मी गोळी कशाला खाऊ’ असे म्हणणाऱ्याच्या रक्तातही जंतू असू शकतात आणि डास ते दुसऱ्यापर्यंत नेतात.

याच दालनात यकृतातील चपट्या कृमींची माहिती आहे. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाण्याची जुनी सवय आहे. त्यातून हे कृमी पित्तनलिकेत शिरतात आणि अनेक वर्षांनी तेथे कर्करोग होऊ शकतो. कर्करोगाला कारणीभूत ठरणारा परजीवी म्हणून तो अधिकृत यादीत आहे.

सी उई कोण होता?

न्यायवैद्यक दालनातील सर्वाधिक गर्दी २०१९ पर्यंत एका कपाटासमोर असे. त्यात सी उई या चिनी मजुराचा मृतदेह उभा होता. दक्षिण चीनमधील शांतौ भागातून तो दुसऱ्या महायुद्धानंतर थायलंडमध्ये आला. शेतमळ्यांत मिळेल ते काम करत तो राहत होता. थाई भाषा त्याला जेमतेम येत असे.

जानेवारी १९५८ मध्ये रायोंग प्रांतात एका लहान मुलाच्या खुनाबद्दल त्याला पकडण्यात आले. त्यानंतर आधीच्या काही वर्षांतील इतर मुलांचे खूनही त्याच्या नावावर जमा झाले. त्याने दुभाष्यामार्फत कबुली दिली. तो मुलांचे काळीज आणि यकृत खातो, अशा बातम्यांनी वृत्तपत्रांची पाने भरली. चिनी स्थलांतरितांकडे संशयाने पाहण्याचा तो काळ होता. १६ सप्टेंबर १९५९ रोजी त्याला गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. थायलंडमध्ये २००३ पर्यंत मृत्युदंडाची हीच पद्धत होती.

मेंदूत काही विकृती आहे का, हे तपासण्यासाठी मृतदेह सिरिराजला देण्यात आला. तपासणीनंतर तो परत गेला नाही. रसायने आणि मेण वापरून तो जतन करण्यात आला आणि कपाटात ठेवण्यात आला. आपल्याकडे मुलांना बागुलबुवाची भीती दाखवतात. थायलंडमध्ये काही पिढ्या ‘अंधार पडायच्या आत घरी ये, नाही तर सी उई येईल’ हे ऐकत वाढल्या. त्याच्यावर चित्रपटही आला.

मग मृतदेह का हटवण्यात आला?

गेल्या काही वर्षांत थायलंडमध्ये या प्रकरणाची कागदपत्रे आणि जुन्या बातम्या पुन्हा तपासल्या गेल्या. भाषा न समजणाऱ्या गरीब परदेशी माणसाची कबुली किती विश्वासार्ह, सगळे खून त्यानेच केले याला पुरावा काय, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. तो जेथे राहत होता, त्या थाप साके भागातील काही जुन्या लोकांनी तो निरुपद्रवी होता असे सांगितले. मोहीम चालवणाऱ्यांचा कळीचा मुद्दा मात्र वेगळा होता. शिक्षा खुनासाठी झाली होती. नरभक्षणाचा शिक्का वृत्तपत्रांनी मारला. मग वैज्ञानिक संस्थेने तोच शिक्का कपाटावर का लावावा?

समाजमाध्यमांवर आणि ऑनलाइन याचिकेतून दबाव वाढल्यावर २०१९ च्या मध्यात संग्रहालयाने ‘नरभक्षक’ ही पाटी काढली. त्यानंतर मृतदेहही प्रदर्शनातून हटवण्यात आला. नातेवाईक पुढे येतात का, याची वाट पाहिली गेली. कुणी आले नाही. अखेर २३ जुलै २०२० रोजी नोन्थाबुरी येथील बौद्ध मंदिरात तुरुंग विभाग आणि रुग्णालयाच्या पुढाकाराने त्याच्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. ज्या बांग क्वांग तुरुंगात त्याला मृत्युदंड दिला गेला, त्याच्या जवळच हे मंदिर आहे. थाप साकेहून काही गावकरी अंत्यसंस्काराला आले होते.

सी उई निर्दोष होता, असे यातून सिद्ध झालेले नाही. रायोंगच्या त्या मुलाच्या कुटुंबाचे दुःखही खरे होते. पण शिक्षा भोगून झाल्यावर आणखी ६० वर्षे काचेत उभे राहण्याची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने सुनावली नव्हती.

‘आजान याइ’ ही प्रथा काय आहे?

सिरिराजच्याच आवारात याच्या अगदी उलट चित्रही आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी ज्यांनी देहदान केले, त्यांना थायलंडमध्ये ‘आजान याइ’ म्हणतात. ‘आजान’ म्हणजे आपला ‘आचार्य’ आणि ‘याइ’ म्हणजे मोठा. थोडक्यात ‘थोर गुरू’. विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी हात जोडून वंदन करतात. अभ्यासक्रम संपल्यावर दात्यांच्या नातेवाइकांना बोलावून सन्मानाने सामूहिक अंत्यसंस्कार होतात आणि त्याला राजघराण्याचा आश्रय असतो.

एका मजल्यावर ‘आचार्य’ आणि दुसऱ्या मजल्यावर ‘नरभक्षक’, हा फरक कशाने पडला? दोघांच्या देहाचा उपयोग शिक्षणासाठीच झाला, असे म्हणता येईल. फरक संमतीचा होता. एकाने ‘माझ्या मागे माझा देह घ्या’ असे लिहून दिले. दुसऱ्याला कुणी विचारले नाही आणि त्याच्या वतीने बोलणारेही कुणी नव्हते.

इतर देशांत काय घडत आहे?

हा प्रश्न फक्त थायलंडचा नाही. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात चार्ल्स बर्न या ‘आयरिश राक्षसा’चा सांगाडा दोन शतकांहून अधिक काळ प्रदर्शनात होता. साडेसात फुटांहून अधिक उंची लाभलेल्या बर्नला आपला देह शरीरशास्त्रज्ञांच्या हाती पडेल अशी भीती वाटत होती आणि म्हणून त्याने समुद्रात दफन करण्याची इच्छा व्यक्त केली होती. १७८३ मध्ये तो मरण पावला आणि शल्यविशारद जॉन हंटर यांनी तो देह मिळवलाच. २०२३ मध्ये संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडले, तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढण्यात आला होता. संशोधनासाठी तो संग्रहात मात्र ठेवण्यात आला आहे. त्याच वर्षी म्यूटर संग्रहालयानेही मानवी अवशेषांचे ऑनलाइन व्हिडीओ मागे घेऊन आढावा सुरू केला. त्यावर ‘इतिहास पुसला जात आहे’ अशी टीकाही झाली.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता मानवी अवशेष सरसकट हटवा असे सांगत नाही. मानवी प्रतिष्ठा जपून ते मांडावेत आणि हटवण्याची मागणी आल्यास तिचा तत्परतेने, संवेदनशीलतेने विचार करावा, असे ती सांगते.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी संलग्न ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ चे. गोव्यातील वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात पोर्तुगीज काळात १८४२ ची. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांतही शरीररचना, विकृतीशास्त्र आणि न्यायवैद्यक विभागांची संग्रहालये असतात. ती प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी असल्याने सर्वसामान्यांना सहसा दिसत नाहीत. त्यामुळे तेथील अवयव कुणाचे, हा प्रश्नही फारसा चर्चेत येत नाही.

राज्यात १९४९ चा शरीररचनाशास्त्र अधिनियम लागू आहे. रुग्णालयात, तुरुंगात किंवा सार्वजनिक जागी मृत्यू झाला आणि ठरावीक मुदतीत जवळच्या नातेवाइकांनी देह ताब्यात घेतला नाही, तर तो वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतो. म्हणजे विच्छेदनाच्या टेबलापर्यंत पोहोचण्याचे दोन रस्ते आहेत. एक स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांचा, दुसरा बेवारस ठरलेल्यांचा. दुसऱ्या रस्त्याने जाणारे बहुधा फुटपाथवर राहणारे, परराज्यांतून आलेले मजूर, घर सुटलेले वृद्ध असतात. सी उईही अशांपैकीच होता.

पंडित परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क मृत्यूनंतर देहालाही लागू होतो, असे म्हटले. ते प्रकरणही मृत्युदंडाचेच होते. फाशीनंतर कैद्याचा देह अर्धा तास लटकत ठेवण्याच्या नियमाला त्यात आव्हान देण्यात आले होते.

देहदान करायचे असेल तर काय करावे?

बेवारस देहांवरचे अवलंबित्व कमी करण्याचा मार्ग स्वेच्छेचे देहदान वाढवणे हाच आहे. मूळचे हिंगोली जिल्ह्यातील नानाजी देशमुख यांचे २०१० मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देह दिल्लीच्या ‘एम्स’ला देण्यात आला होता. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. त्यावर साक्षीदार म्हणून नातेवाइकांच्या सह्या घेतल्या जातात. मात्र अर्ज भरून कपाटात ठेवणे पुरेसे नाही. मृत्यूनंतर महाविद्यालयाला कळवायचे असते ते घरच्यांनी. त्यांचा विरोध असेल, तर व्यवहारात देहदान होत नाही. त्यामुळे घरात आधीच बोलणे गरजेचे आहे.

अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन झाल्यास, तसेच काही संसर्गजन्य आजारांत देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान करून देहदान करता येते. इतर अवयव दान केल्यास मात्र शिक्षणासाठी देह घेतला जाईलच असे नाही.

संग्रहालयाला भेट द्यायची असल्यास…

चाओ फ्राया नदीवरील प्रवासी बोटीने वांग लांग (प्रान्नोक) धक्क्यावर उतरावे. रुग्णालय लगतच आहे. बाहेरच्या वांग लांग बाजारात खाण्याचे स्टॉल भरपूर आहेत, पण पोटभर जेवण आधी करायचे की नंतर, याचा विचार करून ठेवावा. संग्रहालय सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत खुले असते आणि मंगळवारी व सरकारी सुट्ट्यांना बंद असते. परदेशी प्रौढांसाठी तिकीट २०० बाट आहे. वेळ आणि दर बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. लहान मुलांना, गर्भवतींना किंवा नुकताच घरात मृत्यू झालेल्यांना नेण्यापूर्वी विचार करावा. हे चालू रुग्णालय आहे. मार्गिकेत स्ट्रेचर येत-जात असतात, बाकांवर रुग्णांचे नातेवाईक बसलेले असतात, त्यामुळे आवाज आणि हसणे-खिदळणे आवरते घ्यावे. सी उईला पाहण्यासाठी जाणार असाल, तर तो आता तेथे नाही.